रत्नागिरीच्या पंचक्रोशीतील जुनी घरे आणि नवे खरेदीदार

रत्नागिरी शहराच्या उत्तरेस काळबादेवी, बसणी, नेवरे, मालगुंड आणि दक्षिणेस भाट्ये, फणसोप, गोळप, पावस, गावखडी ही जी गावे समुद्र आणि सडा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेली आहेत, त्यांत आणि पूर्वेकडे हातखंबा-पालीच्या अंगाने डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांत, एका विशिष्ट प्रकारच्या खरेदीची इच्छा धरून येणाऱ्या माणसांचा ओघ, कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून, वाढत आला आहे. मुंबई-पुण्यास नोकरीत आयुष्य घालविलेल्या या गृहस्थांना आखून दिलेला बिनशेती भूखंड नको असतो. त्यांना हवे असते ते ‘ठिकाण’ : वीस-तीस गुंठ्यांचे, जांभ्याच्या गडग्याने बंदिस्त, हापूसची आठ-दहा कलमे, एखाददुसरा फणस, थोड्या पोफळी, बारमाही विहीर आणि मध्यभागी ओटी, पडवी, माजघर, देवघर असे जुन्या बांधणीचे कौलारू घर. ही इच्छा निर्मळ आहे आणि तिचा उपहास करणे मला अनुचित वाटते. परंतु ती सफल व्हावयाची तर हे ठिकाण ज्या इतिहासातून आणि ज्या हक्कसंबंधांतून आजवर टिकून राहिले, त्यांचा परिचय खरेदीखतापूर्वी झाला पाहिजे, कारण रत्नागिरीत कोणाचाही संबंध पोचत नाही अशी जमीन जवळजवळ नाहीच.

ही घरे बंद का पडली, हा पहिला प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या गिरण्यांनी, गोद्यांनी, सरकारी कचेऱ्यांनी आणि शाळांनी या जिल्ह्यातील कर्ती माणसे ओढून नेली. मागे राहिलेल्या बायकांनी आणि वृद्धांनी मनीऑर्डरीच्या आधाराने चूल आणि शेत दोन्ही चालविली, आणि ती पिढी सरल्यावर घराला कुलूप लागले, ते गणपतीत आणि शिमग्यात उघडण्यापुरते. अशा घराच्या सातबाऱ्यावर आजही पुष्कळदा पणजोबांचे नाव असते, आणि त्यांचे वंशज परळ, डोंबिवली, पुणे, बडोदे येथपासून परदेशापर्यंत पांगलेले असतात. विकण्याची भाषा त्यांतील एखादाच करतो, आणि खरेदीदाराची गाठ बहुधा त्या एकाशीच पडते.

जमिनीचा इतिहास मात्र याहून जुना आहे. देशावरची रयतवारी पद्धत येथे निर्भेळ स्वरूपात कधीच नव्हती. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये गावोगाव खोत उभा होता. काही धारेकरी ठराविक धारा भरून स्वतंत्रपणे जमीन बाळगीत, आणि बहुसंख्य कुळे उत्पन्नाचा हिस्सा खोताला घालून कसत. १८८० च्या खोती कायद्याने या निरनिराळ्या हक्कांना नोंदीचे रूप दिले, आणि कोणाचा हक्क कोणत्या प्रतीचा हे दाखविणारी ‘बोटखते’ तयार झाली, ती आजही जुन्या तकरारीत पुराव्याला काढली जातात. पुढे कुलाबा जिल्ह्यात चरी येथे शेतकऱ्यांचा दीर्घ संप १९३३ पासून चालला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि अखेर १९४९ च्या अधिनियमाने खोती संपली. त्याच सुमारास, १९४८ साली, कूळकायदा आला. त्यातील दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिनी’ कसणारे कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले.

या घटनाक्रमाचे फलित असे की, आज रत्नागिरीत जमीन विकावयास निघालेला माणूस एक तर पूर्वीच्या खोताचा किंवा धारेकऱ्याचा वारस असतो, नाही तर पूर्वीच्या कुळाचा. आणि दोघांच्या कागदपत्रांची परीक्षा भिन्न रीतीने करावी लागते. पहिल्याच्या उताऱ्यात ‘कूळ, खंड व इतर हक्क’ या रकान्याकडे पाहावे. मालकीण विधवा होती, मालक अज्ञान होता किंवा अपंग होता, अशा प्रकरणी कायद्यानेच कुळाची खरेदी पुढे ढकलली होती. पुष्कळ ठिकाणी ती ढकललेली खरेदी मग कोणी पूर्ण केलीच नाही, आणि कुळाचे नाव दोन-तीन पिढ्या रकान्यात तसेच राहिले. ते नाव मृत कागद समजून खरेदी करणे धोक्याचे आहे. त्या कुळाची नातवंडे बहुधा शेजारच्याच वाडीत असतात, आणि माझ्या मते त्यांचा दावा कायद्यात कितपत टिकेल याचा हिशेब करण्याआधी त्यांच्या दारात जाऊन त्यांचे म्हणणे ऐकणे हे खरेदीदाराचे कर्तव्य आहे. दुसऱ्या प्रकारात, विकणारा स्वतःच कूळ असता, कलम ३२-म चे प्रमाणपत्र त्याच्यापाशी असावे लागते, आणि कलम ४३ चा निर्बंध त्या जमिनीवर असतो. पूर्वी अशा विक्रीस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी अपरिहार्य होती. २०१४ च्या सुधारणेनंतर प्रमाणपत्रास दहा वर्षे लोटली असल्यास आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती विकता येते. ही रक्कम किरकोळ असते, परंतु ती न भरता केलेला व्यवहार शर्तभंगाचा ठरतो.

आणखी एक गोष्ट या कायद्यात आहे, जी दलालांच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. मालकाच्या जमिनीत कुळाने बांधलेल्या राहत्या घरातून त्याला काढता येत नाही, आणि ते घरठाण विकावयाचे झाल्यास ते घेण्याचा पहिला अधिकार त्याचा असतो. ठिकाणाच्या कोपऱ्यात एखादे छोटे घर दिसले आणि ‘ते गड्याचे आहे, निघून जाईल’ असे सांगण्यात आले, तर त्या वाक्यावर विसंबू नये.

खरेदी कोण करू शकतो, हा प्रश्न सर्वांना आधी सुचतो, पण उत्तर थोडक्यात देता येते. कूळकायद्याच्या कलम ६३ अन्वये शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते; बिगरशेतकऱ्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तिच्यावाचून झालेला व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. वारसाहक्काने कोठेतरी थोडी शेती नावावर असलेल्यांची यातून सुटका होते, म्हणून कित्येकांना आपल्याच विसरलेल्या गावचा सातबारा शोधावा लागतो. ज्यांना तो मार्ग नाही त्यांनी बिनशेती झालेले घरठाण पाहावे. शेतकरी असल्याचा बनावट दाखला मिळवून देणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागणाऱ्याने आयुष्याची पुंजी दुसऱ्याच्या खोटेपणाला तारण दिली असे होते.

घराच्या कागदांचा घोळ त्याहून नाजूक आहे आणि तो खास कोकणचा आहे. देशावरच्या गावाला पांढरी असते, गावठाणाची मोजलेली हद्द असते. येथे घरे वाडीवाडीने, ज्याच्या त्याच्या शेतात आणि बागेत, उताराच्या सोयीने बांधली गेली, आणि पुष्कळ गावांत गावठाण म्हणून मोजलेला स्वतंत्र भाग नाही किंवा असला तरी तो वस्तीच्या मानाने नाममात्र आहे. परिणामी शंभर वर्षे उभे असलेले घर महसुली दप्तरात शेतजमिनीवर आहे, आणि त्याची नोंद मिळते ती केवळ ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या आकारणीत. आकारणीचा हा उतारा विक्रेता मोठ्या विश्वासाने पुढे करतो. परंतु कर कोण भरतो एवढेच त्याने सिद्ध होते, मालकी सिद्ध होत नाही. कित्येकदा तर आकारणी एका भावाच्या नावे, सातबारा चुलत्याच्या नावे आणि प्रत्यक्ष राहणारी तिसरीच विधवा भावजय अशी स्थिती आढळते. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील जमिनीला निवासी वापरासाठी महसूल अधिनियमाने सवलत दिली आहे. पण जेथे हद्दच ठरलेली नाही तेथे दोनशे मीटर मोजावयाचे कोठून, हा प्रश्न जागच्या जागी राहतो. म्हणून मिळकत घेताना घराची आकारणी, जमिनीचा अधिकार-अभिलेख आणि प्रत्यक्ष वहिवाट ही तिन्ही एकाच माणसाकडे किंवा एकाच कुटुंबाकडे येऊन मिळतात की नाही, हे तलाठी कार्यालयातील जुन्या फेरफारांवरून मागे मागे जात पाहणे अवश्य आहे. संगणकावरचा सातबारा आजची स्थिती दाखवितो. ती स्थिती कशी आली, ते जुने हस्तलिखित फेरफारच सांगतात.

वारसांच्या प्रश्नावर मी थोडे अधिक थांबतो, कारण रत्नागिरीतील फसलेल्या व्यवहारांचे मूळ बहुधा येथे असते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचे स्थान दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्याविषयीचा संशय दूर केला. असे असूनही ‘बहिणींचे काही म्हणणे नाही’ हे वाक्य व्यवहाराच्या बैठकीत अजून निःशंकपणे उच्चारले जाते. बहिणींचे म्हणणे असते किंवा नसते, ते त्यांनी स्वतः दस्तावर सही करून सांगावयाचे असते. जुनी हक्कसोडपत्रे दाखविली गेली तर ती नोंदणीकृत आहेत का, हे पाहावे.

याहून थोड्यांना ठाऊक असलेला मुद्दा घराच्या हिश्श्याचा आहे. एखादा भाऊबंद आपला अविभक्त हिस्सा तेवढा विकतो, आणि शहरातला माणूस समजतो की घराचा चौथा भाग आपला झाला. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याचे कलम ४४ सांगते की, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेतला तर त्याला त्या घरात सामाईक कब्जा मागता येत नाही. आणि त्याने वाटपाचा दावा लावला तर १८९३ च्या वाटपाच्या कायद्याप्रमाणे कुटुंबातील कोणीही हिस्सेदार न्यायालयाने ठरविलेल्या किमतीला त्याचा हिस्सा परत घेऊ शकतो. शिवाय सहवारसांना हिंदू वारसा कायद्याने खरेदीचा अग्रहक्क आहे. हे नियम शहाणपणाचे आहेत असे मला वाटते. ज्या माजघरात एकाची आई अजून देवाला दिवा लावते, तेथे अनोळखी माणसाने अर्ध्या पडवीचा ताबा मागत उभे राहावे, हे कोणत्याही सभ्य समाजाला सोसणारे नाही. खरेदीदाराने सर्व हिस्सेदार एका टेबलाशी येईपर्यंत थांबावे. ते येत नसतील तर ते घर विक्रीला आलेलेच नाही असे समजावे, मग त्याची ओटी कितीही सुंदर असो.

मोजणीविषयी एवढेच, की रत्नागिरीत सातबाऱ्यावर हिस्सा क्रमांक वेगळे पडलेले असतात, पण नकाशावर ते पोटहिस्से पुष्कळदा उतरलेलेच नसतात. तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घेतल्यावाचून आणि लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जाऊन त्यांच्यासमक्ष खुणा पडल्यावाचून चतुःसीमा या फक्त दस्तातील चार ओळी असतात. तुकडेबंदीचेही भान असावे : २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीस वीस आणि बागायतीस दहा गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरले, आणि निवासी पट्ट्यांत हा निर्बंध सैल करण्याच्या हालचाली त्यानंतर झाल्या असल्या तरी, एकाच सातबाऱ्यावर वीस-पंचवीस अनोळखी माणसांची नावे चढवून सड्याचे ‘फार्महाऊस प्लॉट’ विकण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात विकत घेणाऱ्याला कोणता तुकडा आपला हे कायद्याने कधीच दाखविता येत नाही.

वाट आणि पाणी यांचा विचार मात्र स्वस्थपणे केला पाहिजे. जुनी घरे पाखाडीवर आहेत. जांभ्याच्या पायऱ्यांची ही वाट माणसासाठी आणि गुरांसाठी होती, मोटारीसाठी नव्हती. रस्त्यापासून घरापर्यंत गाडी नेता येईल असे सांगणाऱ्याला, ती कोणाच्या कलमांखालून जाईल, हे विचारावे. वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने पायवाटेचा हक्क प्राप्त होतो, पण पायवाटेचा हक्क म्हणजे गाडीरस्त्याचा हक्क नव्हे, आणि शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली वाट त्याचा मुलगा बंद करू शकतो. वाटेचा करार लगतच्या मालकाशी लेखी आणि नोंदणीकृत करून घेणे हे मूळ खरेदीइतकेच महत्त्वाचे आहे. ‘तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’ असे दस्तात परंपरेने लिहिले जाते. विहिरीतला हिस्सा, पाळी आणि पंप बसविण्याचा अधिकार निराळ्या शब्दांत स्पष्ट लिहावा लागतो. झाडांचेही तसेच. जमीन एकाची आणि त्यातील कलमे दुसऱ्याची अशी स्थिती कोकणात अपूर्व नाही.

पाण्याचे कोडे रत्नागिरीच्या भूस्तरात आहे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, कारण सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी गिळतो आणि ते उतारावरून, झऱ्यांनी आणि पऱ्यांनी, महिन्या-दोन महिन्यांत खाली समुद्राकडे निघून जाते. पूर्वजांनी याच कारणाने घरे सड्यावर बांधली नाहीत. सड्याच्या कडेखाली, जेथे झिरपलेले पाणी विहिरीला लागते आणि ज्याच्या खाली भातखाचर येते, त्या मधल्या पायरीवर त्यांनी जागा धरली. आजचा खरेदीदार मात्र समुद्र दिसावा म्हणून नेमका कातळ मागतो. समुद्र दिसतो हे खरे, पण माती नाही, सावली नाही, पाणी नाही; आणि आता हेही लक्षात घ्यावयास हवे की, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, कशेळी येथील सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत, कोकणच्या या शिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला आहे, आणि यंत्राने सपाट केलेल्या कातळावर काय होते ते पुन्हा कोणालाही पाहता येणार नाही. ठिकाण पाहावयास जानेवारीत न जाता मेच्या शेवटच्या आठवड्यात जावे आणि विहिरीत पोहरा सोडावा, मग त्याच ठिकाणी जुलैत पुन्हा जावे.

जुलैत जावयाचे ते घरासाठी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या, मातीत रचलेल्या भिंती, आंतल्या बाजूस मातीचा वा चुन्याचा गिलावा, किंजळ, ऐन, फणस यांची लाकडे, आणि वर पूर्वी नळे, पुढे मंगलोरी कौले : १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे ज्या कौलांचा कारखाना काढला, त्या जातीची कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली आणि आपल्या डोळ्यांना कोकणचे घर म्हणून जे रूप परिचित आहे ते बरेचसे त्यांनीच घडविले. रत्नागिरीतील लोकमान्यांचे जन्मस्थान किंवा मालगुंडचे केशवसुतांचे घर पाहिले असता ही बांधणी नीट राखली तर किती काळ उभी राहते याची खात्री पटते. परंतु ती राखावी लागते. दरवर्षी वैशाखात कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून घर शाकारावे लागते, वाशांची आणि रिपांची वाळवी पाहावी लागते, भिंतीच्या पायथ्याचे पाणी वळवावे लागते. चार पावसाळे हे काम चुकले की आढे झुकते, आणि आढे झुकलेल्या घराची दुरुस्ती नव्या बांधकामापेक्षा महाग पडते. गळती थांबविण्यासाठी भिंतींना सिमेंटचा गिलावा करणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक उपाय होय. त्याने ओल आत कोंडते आणि मातीची दरज भुसभुशीत होते. चुन्यात काम करणारा गवंडी आणि जुन्या सांध्यांची जाण असलेला सुतार आता शोधावा लागतो. ते ज्या गावात आहेत त्या गावातले घर मी दोन पैसे अधिक देऊनही पसंत करीन. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगड भागात हजारो छपरांची कौले उडविली आणि पिढ्यांच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा ज्या घरांजवळ शाकारणारे हात होते ती पावसापूर्वी झाकली गेली. बंद घरे तशीच भिजत राहिली.

किनाऱ्याच्या निर्बंधांचे आणि डोंगराच्या धोक्याचे विवेचन संक्षेपानेच करतो. समुद्रालगतच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नवे बांधकाम सामान्यतः वर्ज्य आहे, जुन्या घराची दुरुस्ती आणि नव्या घराची उभारणी यांत नियम भेद करतो, आणि म्हणून घर पाडण्याआधी परवानगी घ्यावी. पाडल्यावर मागितलेली पुष्कळदा मिळत नाही. पूर्वेकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी, जुलै २०२१ मध्ये खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळून माणसे गाडली गेली, हे स्मरून घराच्या मागचा उतार कोणी खोदला आहे का ते पाहावे. राजापुरात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची वार्ता येताच बाहेरच्यांनी जमिनी घेतल्या, तो प्रकल्प २०१९ साली तेथून रद्द झाला. अशा वार्तांवर केलेली खरेदी ही आपल्या विषयाच्या कक्षेतलीच नव्हे.

बागेचा एक प्रश्न उरतो. कलमे कराराने दिलेली असतात, आणि ठेकेदार दोन-चार वर्षांसाठी घेतलेल्या झाडांकडून दरवर्षी फळ काढण्याकरिता मुळांशी कल्टार घालतो. प्रमाणात आणि खतपाण्यासह वापरलेले हे औषध शास्त्रसंमत आहे. बेसुमार वापराने झाड थकते, पालवी खुजी येते. मागील करार केव्हा संपतो, कल्टार किती वर्षे घातले, हे विचारून घ्यावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची आणि भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची माणसे अशा बाबतीत सल्ला देतात. तो मागणारे फार थोडे. वानर आणि रानडुक्कर यांच्यामुळे स्थानिक शेतकऱ्यानेच जेथे भुईमूग आणि रताळी सोडून दिली, तेथे भाजीपाल्यावर संसार चालविण्याचे मनोरथ रचू नयेत.

शासनाकडून अपेक्षा करावयाची ती दोन बाबतींत. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ड्रोनद्वारे गावठाणे मोजून मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेतले. पण कोकणातील घरे गावठाणाबाहेर वाड्यांत असल्याने, वाडीतील घरठाणे स्वतंत्र मोजल्याशिवाय या जिल्ह्यास तिचा पूर्ण उपयोग होणार नाही. दुसरी बाब वारसनोंदीची. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे नव्वद लक्ष घरे रिकामी आढळली, आणि त्या देशाने १ एप्रिल २०२४ पासून वारसाने मिळालेल्या स्थावराची तीन वर्षांत नोंद करणे सक्तीचे केले, कारण मालक कोण हेच कळेनासे झाले होते. आपल्याकडे मिळालेला हक्क तीन महिन्यांत तलाठ्यास कळविण्याचे बंधन १९६६ च्या महसूल अधिनियमात आहेच. ते पाळले जात नाही इतकेच. गणपतीला सारे भाऊबंद आणि सासरच्या बहिणी एका छपराखाली जमतात, त्या दिवसांत प्रत्येक ग्रामपंचायतीत महसूल खात्याने वारसनोंदीचे दप्तर घेऊन बसावे, एवढ्यानेही पुष्कळ काम होईल. आणि त्यानंतर एखादे घर विकावयाचे की राखावयाचे याचा निर्णय, दलालाच्या आधी, त्या कुटुंबाला स्वतः घेता येईल.